पवित्र शनिवारी मिस्सा नसते

आत्या, तुला आम्ही घंटा न वाजवता पुरलं.

पवित्र गुरुवारच्या मिस्सेत घंटा वाजते आणि मग थेट ईस्टरच्या जागरणापर्यंत ती गप्प असते. मधल्या दिवसांत वेदीवरचं कापडसुद्धा काढून ठेवतात. हार्मोनियम बंद, पवित्र पाण्याची भांडी कोरडी, मिस्सा म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासनाही नाही. कुणी गेलंच तर वाचन होतं, प्रार्थना होते आणि मग कब्रस्थान. हे सगळं तूच मला सांगितलं होतंस. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पण हे असलं कुणी शिकवलं नव्हतं.

तू शुक्रवारी संध्याकाळी गेलीस. शनिवारी सकाळी तुझी शवपेटी त्या उघड्या वेदीसमोर ठेवली. चर्चच्या मागच्या व्हरांड्यात रात्रीच्या जागरणासाठी आणलेली गुलछडी बादल्यांमध्ये उभी होती. ती तुझ्याच दुकानातून आली होती. ऑर्डर तू आठवड्याच्या सुरुवातीला घेतली होतीस आणि तुझ्या नवऱ्याचा, महादेवकाकांचा, पुतण्या गजानन ती पहाटे पोचवून गेला होता. पेटी त्या बादल्यांजवळून नेली तेव्हा वास आला. त्यातली एक काडीही तुझ्यावर ठेवता येणार नव्हती, ती वेदीची होती. गजाननने घरून वेगळा झेंडू आणला होता.

फादरांनी पप्पांना सांगितलं होतं की सोमवारपर्यंत ठेवता येत असेल तर रीतसर मिस्सा करू. पप्पा म्हणाले, एवढ्या उन्हात नको. अमरावतीचं एप्रिलचं ऊन, त्यामुळे कुणी वाद घातला नाही. पण बर्फाची पेटी मिळत होती. गजानन आणायला निघालाही होता, पप्पांनी हाताने त्याला थांबवलं. मी तिथेच उभी होते. मला वाटतं, तुझी मिस्सा हवी की नको हा प्रश्न पप्पांना स्वतःला विचारायचाच नव्हता. कॅलेंडरने तो सोडवून दिला आणि त्यांना हायसं वाटलं.

कब्रस्थानात सुशीलाबाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्याच त्या, महिला मंडळाच्या, ज्या तुझ्याकडून हार घेताना नेहमी म्हणायच्या की दोन फुलं जास्तीची टाक. शेजारणीला म्हणाल्या, "मिस्सा नाई देल्ली म्हणते. घंटा बी नाई. शेवटी नियम तो नियम असते बाप्पा." शेजारीण म्हणाली, "आज कोनालेच नसते ना पण." सुशीलाबाई म्हणाल्या, "तुले मालूम नाई. हिचं लग्नाचं होतं." माती टाकायला रांग लागली होती. मी माझी मूठ टाकली. काळी माती, ढेकळांची, पेटीवर धप्प वाजणारी.

संध्याकाळपर्यंत ते बोलणं सगळ्यांचंच झालं. हिंदू माळ्याशी कोर्टात लग्न केलं म्हणून चर्चने फिलोमिनाची मिस्सा केली नाही. कुणी ते वाईट वाटून सांगत होतं, कुणी समाधानाने. खरं कारण इतकं साधं होतं की ते कुणाला पुरेसं वाटत नव्हतं.

मी अकोल्याहून कॉलेजसाठी तुझ्याकडे राहायला आले, तेव्हा पप्पांनी एकच सूचना दिली होती. रविवार चुकवायचा नाही. चुकवायचा प्रश्नच आला नाही. तू दर रविवारी सकाळी स्टीलच्या डब्यात चुरमुरे भरून, पदर नीट करून दारात उभी असायचीस. "चाल वो पोट्टी. देव काय तुयासाठी थांबून राहिला का?" आपण शेवटच्या बाकावर बसायचो. मला वाटायचं, पंख्यासाठी.

पहिल्या रविवारी ख्रिस्तप्रसादाच्या वेळी आख्खा बाक उठला. तू उठली नाहीस. गुडघे एका बाजूला वळवून तू सगळ्यांना वाट दिलीस, जशी एसटीत खिडकीवाली बाई देते. मी थांबले. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "जाय. मी तुही पर्स पाहतो." मी गेले. परत आले तेव्हा तू पुन्हा गुडघे वळवलेस. तुझ्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं होतं निदान काहीतरी असेल. घरी येताना मी विचारलं नाही. मी विचारणारी मुलगी नव्हते, आणि तू सांगणारी होतीस, पण तुझ्या वेळेला.

मग महादेवकाकांनीच विषय काढला. जेवताना, अगदी सहज. ते दर रविवारी तुला लूनावर सोडायचे आणि बाहेर कडुलिंबाखाली पेपर वाचत बसायचे. पाऊस असला तर आत येऊन दाराशी उभे राहायचे. मला म्हणाले, "काहो बाई, तुमच्यात ते गोल पापडी देते सगळ्याईले, मंग हिलेच कावून नाई देत?" तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "मी काय उपाशी मरून राहिली का तुमच्या घरी?" काका हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, "माह्याच्यानं ना?" तू म्हणालीस, "जेवा आता. वांगं थंडं होऊन राहिलं."

तुझं सगळं त्या ताटापाशीच कळलं मला. तरुणपणी वेदीसाठी फुलं घ्यायला तू त्यांच्या बापाच्या दुकानात जायचीस. चर्चमधल्या बायका तुला पाठवायच्या कारण तू भाव पाडायचीस. तुम्ही लग्न रजिस्टर केलंत. काका तुझ्यासाठी धर्म बदलायला तयार होते, तूच नको म्हणालीस. "त्याचे देव त्याच्या मायेनं देल्ले होते. माह्यासाठी कावून टाकून द्यावं?" तेव्हाच्या फादरांनी सांगितलं, चर्च हे लग्न मानत नाही, मिस्सेला ये, पण प्रसाद घेता येणार नाही. मग तू मिस्सेला येत राहिलीस. इतकी वर्षं. माझ्या ओळखीचे कितीतरी लोक याहून लहान गोष्टीवरून चर्च सोडून गेलेत.

आणि फुलं तुमच्याकडूनच येत राहिली. उपवासकाळ आला की तू चिडचिडायचीस, कारण वेदीवर फुलं बंद आणि लग्नसराईला अजून वेळ. ईस्टरच्या आदल्या दिवशी मात्र घरात पाय ठेवायला जागा नसायची. काका देठ कापायचे, तू बांधायचीस, मी पाणी मारायचे. तू म्हणायचीस, "इंग्लिश मीडियम, बोटं वल्ले होऊन राहिले का तुहे?" ती मोठी फुलदाणी वेदीवर ठेवायला तू कधी गेली नाहीस. पायरीच्या अलीकडे ठेवायचीस आणि कुणाला तरी हाक मारायचीस. तसा नियम नव्हता. मी एकदा सांगितलं तर म्हणालीस, "मालूम हाये मले."

काका गेले तेव्हा तेरावं झालं आणि त्यानंतर फादर घरी आले. आताचे, केरळचे. त्यांचं मराठी पुस्तकातलं आहे आणि मन चांगलं आहे. त्यांनी प्रार्थना केली, चहा घेतला आणि म्हणाले, "फिलोमिनाताई, आता काही अडचण उरली नाही. पापांची कबुली करा. ईस्टरला प्रसाद घ्या." मी कपबशा उचलत होते. तू म्हणालीस, "अडचण म्हंजे कोन, फादर? माहा नवरा?"

फादर लाल झाले. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. पण तो महिनाभर सगळे तुला तेच सांगत होते. आता मोकळी झालीस. देवाने वाट करून दिली. पप्पांनी तर अकोल्याहून फोन करून सांगितलं की त्यांनी उपवास धरला होता आणि प्रार्थना ऐकली गेली. मला आठवतं, तू फोन स्पीकरवर ठेवून हार ओवत होतीस. ते वाक्य ऐकून तू सुई खाली ठेवलीस. "कोन्ती प्रार्थना रे, भाऊ? तो मरावा म्हणून केल्ती का?" पप्पा म्हणाले, तसं नाही गं. तू म्हणालीस, "मंग कसं?" आणि फोन गजाननच्या हातात दिलास, बंद कर म्हणून.

तुझा मुद्दा मला कळला होता, आत्या. कबुली म्हणजे नुसतं सांगणं नव्हे, केल्याचं दुःख वाटायला हवं, आणि लग्न केल्याचं तुला ते नव्हतं. फादर समजावून सांगत, जेवढ्याचं वाईट वाटतं तेवढं सांगा, बाकीचं देवावर सोडा. तू म्हणायचीस, "मंग ते अर्धं होते. मुख्य गोष्ट बाहीर ठेवून बारक्या बारक्या सांगू का? भावाले शिवी देल्ली, गिऱ्हाइकाले शिळं फूल देल्लं?" फादर हसायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचे. पप्पा हसत नसत. तू तशीच गेलीस तर तुझं काय होईल, याची त्यांना खरीखुरी भीती होती. ते रात्री देवासमोर तुझं नाव घेऊन रडायचे, मी लहानपणापासून ऐकलंय. तुला ते दुष्ट वाटायचे. ते घाबरलेले होते. हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही आणि तुझं त्यांना कधी नीट सांगितलं नाही. दोन्ही घरची भाकर खाल्ली आणि गप्प बसले.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी मी पहिल्यांदा तोंड उघडलं. चर्चमधून येऊन आपण ओट्यावर बसलो होतो. तू झावळीचा क्रूस विणत होतीस.

"पप्पा विचारत होते," मी म्हणाले.

"काय विचारते तुहा बाप?"

"यंदा तरी ईस्टरला..."

"त्याले म्हणा, तू लग्नाले आला असता तं म्या बी इचार केला असता."

"आत्या, ती जुनी गोष्ट झाली."

"माही बी जुनीच हाये. जुनी झाली म्हणून पापाचं पुण्य होते का? अन् पुण्याचं पाप?"

मला राग आला. मला क्वचित येतो, आणि आला की बोलता येत नाही. त्या दिवशी बोलले. म्हणाले, तू हट्टी आहेस. एकदा वाकली असतीस तर काय बिघडलं असतं? तू म्हणालीस, "तो असता तं वाकली बी असती. तो गेल्यावर वाकली तं त्याले काय वाटंन?"

"मेलेल्या माणसाला काय वाटणार आहे?" मी म्हणाले.

तुझे हात थांबले. तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही, एखाद्या अनोळखी बाईकडे बघावं तसं. "मंग तू तठी जाऊन काय आयकते वो दर रईवारी?" असं म्हणालीस आणि चहा टाकायला आत गेलीस. त्यानंतर आपण त्यावर बोललो नाही. सोमवारी तू गुलछडीचा भाव विचारत फोनवर होतीस, मंगळवारी मला ऑफिसला उशीर झाला. गुरुवारी दुकानात तुझ्या छातीत दुखायला लागलं. त्या प्रश्नाचं उत्तर तुला द्यायचं राहिलं.

शुक्रवारी पप्पा पहिल्या एसटीने दवाखान्यात आले. तू त्यांना ओळखलंस. मास्क होता, बोलता येत नव्हतं, पण तू हात उचलून त्यांच्या शर्टाचं वरचं बटण दाखवलंस, ते उघडं होतं. त्यांनी ते लावलं. तेवढंच झालं तुम्हा दोघांचं.

चर्चमधला क्रुसाचा विधी आटोपून फादर थेट दवाखान्यात आले, घामाने भिजलेले. ख्रिस्तप्रसाद देता येणार नव्हता, तुला पाणीही गिळता येत नव्हतं. त्यांनी आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं आणि हिरवा पडदा ओढला. पडद्याखालून मला फक्त खाटेची चाकं आणि फादरांच्या चपला दिसत होत्या. आतून त्यांचा हळू आवाज येत होता, मग तोही थांबला. पप्पा भिंतीला टेकून जपमाळ ओढत होते.

फादर गळ्यातली जांभळी पट्टी गुंडाळत बाहेर आले. पप्पा म्हणाले, "फादर, तिने केली का?"

"पवित्र तेल लावलं. प्रार्थना झाली."

"पण कबुली? मान तरी हलवली का?"

फादरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "ते मला विचारू नका. ते मी कुणालाच सांगू शकत नाही."

आत तू काय केलंस, आत्या? मान हलवलीस? कशाला हलवलीस? पप्पांनी ठरवून टाकलंय की तू पश्चात्ताप केलास. त्या बळावर ते त्या रात्री झोपले. मी ठरवलंय की तू केला नाहीस. दोघांनाही काही माहीत नाही. शनिवारी आम्ही एकाच खड्ड्यात दोन वेगवेगळ्या बायकांना पुरलं.

ईस्टरच्या सकाळी मी मिस्सेला गेले. घंटा खूप वेळ वाजली. तुझी गुलछडी वेदीच्या दोन्ही बाजूंना होती, चांगली उमलली होती. लोक हात हातात घेऊन हॅपी ईस्टर म्हणत होते आणि माझ्यापाशी आले की अडखळत होते. मी शेवटच्या बाकावर बसले. प्रसादाची वेळ झाली, मी उठून गेले आणि घेतला. तू असतीस तरी पाठवलंच असतंस. परत आले तेव्हा बाकावर माझी पर्स एकटी पडली होती. पुनरुत्थानाचं गाणं सुरू होतं. मला त्यातलं काहीही खरं वाटत नव्हतं आणि तरी मी ते म्हणत होते.

सोमवारी क्रूस तयार करायचा होता. लाकडी, पांढरा रंग दिलेला. नंतर दगडी करू असं पप्पा म्हणाले. बोर्ड रंगवणारा पेंटर तुझ्या दुकानाशेजारचाच, इस्माईलभाई. त्याने काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि विचारलं, "नाम बोलो, साहब."

पप्पा म्हणाले, "फिलोमिना तायडे."

ते तुझं माहेरचं नाव. पप्पांचं नाव, माझं नाव. त्या नावाची मुलगी फुलं घ्यायला गेली आणि तिथेच राहिली. मी पप्पांच्या मागे उभी होते. मी असं कधी करत नाही. मी म्हणाले, "फिलोमिना महादेव राऊत."

पप्पा वळले. "काय?"

"तिचं नाव ते आहे, पप्पा."

"क्रुसावर महादेव लिहिणार तू?"

इस्माईलभाईने क्रुसाच्या आडव्या पट्टीवर बोटांनी मोजलं आणि म्हणाला, "जगा हाये ना. बसते बराबर."

पप्पा त्याच्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, अगदी हळू, "सेलीन, तिने कबुली दिली आहे. आता ती सुटली. तू परत कशाला तिला त्यात घालतेस?"

ते विनवत होते. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. मी म्हणाले, "दिली असेल तर फादरांना दिली. आपल्याला नाही दिली. तिने आयुष्यभर जे नाव लावलं ते मी पुसणार नाही."

"मग मी तिथे येणार नाही," पप्पा म्हणाले. त्यांनी घरी जाऊन पिशवी भरली. मी स्टँडवर सोडते म्हणाले, तर नको म्हणाले. जाताना त्यांनी तुझ्या ओट्यावरचा झावळीचा क्रूस उचलून खिशात ठेवला. अर्धवट विणलेला होता तो.

मी आणि गजानन क्रूस घेऊन गेलो. दोन दिवसांत तुझ्या ढिगाऱ्याला भेगा पडल्या होत्या. माती इतकी कडक की पहार आत जाईना. गजाननने कॅन भरून पाणी आणलं, ओतलं, थांबलो, पुन्हा ओतलं. क्रूस थोडा डावीकडे कललाय. मला सरळ करता आला नाही.

आम्ही हात धूत होतो तेव्हा सुशीलाबाई आल्या. त्यांच्या यजमानांची कबर पलीकडच्या रांगेत आहे. त्या थांबल्या आणि त्यांनी नाव वाचलं. ओठ हलवून, एकेक शब्द.

"काहो, हे चालते का अठी?"

"चालतं," मी म्हणाले.

"फादरनं सांगतलं?"

"नाही. मी सांगतेय." मग एकदा सुरू झालंच होतं म्हणून पुढेही बोलले. "आणि शनिवारी मिस्सा कुणाचीच होत नाही. तुम्हाला माहीत आहे ते. स्वतः फादर गेले असते तरी त्यांचीही झाली नसती. पुढच्या आठवड्यात तिच्यासाठी मिस्सा आहे, सकाळची. हेच नाव वाचतील. तुम्ही या."

गजानन जमिनीकडे बघत होता. सुशीलाबाई मेणबत्ती लावायला पुढे गेल्या आणि मी तिथेच उभी राहिले, तुझ्या पायाशी.

मिस्सा कधी आहे ते सांगायला मी पप्पांना फोन करतेय. कालपासून. ते उचलत नाहीत.